सहलप्रमुख काका

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागला की सहलप्रमुख काका जाहीर करतात, "यंदा मे महिन्यात मनाली." सूचनांचं स्वागत असतं, त्या खोडून काढता येतात म्हणून. "काश्मीर?" "बघितलंय." बघितलेलं असतं एकट्या काकांनी, तेही लग्नाआधी, पण काकांनी बघितलं म्हणजे घराण्यानं बघितलं.

लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'मनाली फायनल' ग्रुप निघतो. तिथे आधार कार्डं मागवली जातात, आणि रोज सकाळी मनालीचं तापमान कळवलं जातं. नोव्हेंबरात.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आलं, तेव्हा काका सुतक असल्यासारखे वावरत होते. आरक्षणाच्या दिवशी ते आंघोळ उरकून आठच्या आत लॅपटॉपपुढे बसतात. पुतण्या एका मोबाइलवर, सून दुसऱ्यावर. तेवढा वेळ घरात मिक्सर लावायचा नाही, 'नेट अडकतं'. आजींना खालचा बर्थ मिळाला की पेढे येतात.

मग निघतो छापील तक्ता, लॅमिनेट केलेला. '५.३० उठणे. ५.४५ चहा. ६.०० निसर्ग (फोटोसह). हिडिंबा मंदिर, १५५३ सालचे, ४० मि. मॉल रोड, महिलांची खरेदी, ३० मि. (अंदाजे).' आयुष्यात काकांनी माघार घेतली असेल तर ती या कंसात. काकूंना तक्ता पाठ नसतो. त्या मेतकूट, भाजणी आणि पाणी तापवायची किटली भरतात आणि गप्प बसतात.

रोहतांगला सुमारे १३,००० फुटांवर जायचं, तर परवाना लागतो आणि रोज ठरावीक गाड्यांनाच मिळतो, हे काकांना तोंडपाठ. दिवस त्यांनी मंगळवार धरलेला असतो, कारण मंगळवारी घरात कुणी मटण खात नाही, जेवणात वेळ जात नाही. सोमवारी रात्री ड्रायव्हर शांतपणे सांगतो, "साब, कल मंगल है. रोहतांग बंद." मंगळवार हा रस्त्याच्या दुरुस्तीचा वार.

काका तक्त्याकडे बघतात. उलटून मागची कोरी बाजूही बघतात. मग म्हणतात, "बोगदा!"

नऊ किलोमीटरचा अटल बोगदा, २०२० पासून खुला. तिथून पलीकडे लाहौलमध्ये उतरायला रोहतांगचा परवाना लागत नाही. सिस्सूला आजी गाडीतून उतरतात आणि म्हणतात, "घाट नाही ते बरं झालं, गुडघे वाचले." रात्री ग्रुपवर काकांचा संदेश येतो: 'नियोजनाप्रमाणे लाहौल पूर्ण.' त्याखाली पहिला अंगठा काकूंचा.

काकांना नावं सगळेच ठेवतात, पण तिकिटं दुसरं कुणीही काढत नाही. तेव्हा तुमच्या ग्रुपवर आधार कार्ड मागितलं गेलं, तर पहिल्या हाकेला पाठवा. आणि फोटो सरळ काढा.