सिलेक्शनच्या फिकट रंगास, खुले पत्र

कोड एडिटरच्या काळ्या थीमवरच्या करड्या पट्ट्या,

वेळणेश्वरात दुपार कलली की समुद्राकडचं ऊन पडवीत शिरतं आणि थेट लॅपटॉपच्या पडद्यावर पडतं. तेव्हाही अक्षरं वाचता येतात, तू मात्र दिसत नाहीस. काळ्यावर किंचित कमी काळा, एवढंच तुझं कर्तृत्व.

तुला काम एकच होतं: पुढची आज्ञा कशावर चालणार ते दाखवायचं. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी हा एडिटर घडवला. आधी मजकूर निवडायचा, मग आज्ञा द्यायची, हा त्याचा क्रम आज आपण सगळेच पाळतो. निवडच दिसली नाही, तर डिलीट म्हणजे अंधारात चालवलेला कोयता.

आणि तुझे सोबती! एक शब्द निवडला की फाईलभर तोच शब्द जिथे जिथे असेल तिथे तशीच शेड उमटते. कर्सरची ओळही तशीच. शोधाचे निकालही त्याच कुळातले. यात खरी निवड कोणती?

देवनागरीत तर तुझा गुन्हा दुप्पट. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसते त्याच्या आधी, ‘कीर्ती’तला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखीच धरणाऱ्या एडिटरमध्ये तुझी कड जोडाक्षराच्या पोटातून जाते. अर्धं अक्षर आत, अर्धं बाहेर, आणि तू इतका पुसट की हेही कळू नये!

आमच्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कोड शिकणाऱ्या पोरांचा जीव आधीच चुका शोधण्यात जातो. मोतीबिंदू वाढत चाललेल्या माणसाने काय करायचं, ते तर तू सांगूच नकोस.

वेबच्या सुगम्यता निकषांत २०१८ पासून लिहिलेलं आहे, की बटणं, चौकटी आणि त्यांची अवस्था ओळखू येण्यासाठी शेजारच्या रंगाशी किमान ३:१ इतका फरक हवा. ते निकष वेबपानांसाठी असतील, पण डोळे तेच आहेत ना? जुन्या टर्मिनलवर अक्षराचा आणि मागचा रंग सरळ उलटापालट करत. देखणं नव्हतं, पण लांबून दिसायचं.

तेव्हा मुळातच ठळक हो. ज्याला तू मंद हवास, त्याने सेटिंगमध्ये शिरून तुला मंद करावं. तो शोध आमच्या गळ्यात का?