नायलॉनची तार, डीजेची भिंत

भिंगारच्या लग्नात वाजवायला स्वस्तातली, पिकअपवाली नायलॉन गिटार हवी म्हणे. हौसेला मोल नसतं, पिकअपला असतं. नायलॉन चुंबकाला दाद देत नाही, म्हणून ब्रिजवरच्या पट्टीखाली पिझो बसवतात, कडेला प्रीअँप, आत नऊ व्होल्टची बॅटरी. ती ऐन मंगलाष्टकांत मान टाकते. यामाहाची सीएक्स ४० परवडते, पण मान ५२ मिलिमीटर रुंद. एनटीएक्स १ची ४८, किंमत मात्र लग्नाच्या बिदागीला लाजवणारी. ‘आवाज मोठा येईल’ म्हणत कुणी स्टीलच्या तारा चढवल्या, तर ब्रिजच उखडून हातात येतो! स्पीकरसमोर गिटार शिट्ट्या मारते. भोकाला रबरी झाकण लावा. रणगाड्यांच्या शेजारी नांदणाऱ्या भिंगारच्या छावणीला मग एकच प्रश्न पडतो: डीजे कधी लावताय?