मित्र आत आहे का?

गणेश चतुर्थीच्या सकाळी साडेनऊला माझ्या ओट्यावर अकरा मोदक होते आणि अकराच्या अकरा हसत होते. तुपात सोडलेला अनारसा विस्कटला की आमच्याकडे बायका तो ‘हसला’ म्हणतात. उकडीच्या मोदकांनाही हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. गूळ-खोबऱ्याचं सारण मोदकपात्राच्या तळाशी ठिबकलं होतं आणि हळदीच्या पानांवर पांढरी टरफलं तेवढी उरली होती.

बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेलेली. निघताना एवढंच म्हणाली, ‘‘अहो, समोरच्या काकूंना विचारा.’’ मला ते लागलं. मी तीस वर्षं साइटवर काढलेला सिव्हिल इंजिनिअर. एम २० काँक्रीट म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, हे झोपेतही सांगेन. उकड म्हणजे तरी काय? पिठी आणि पाणी. त्यात खडीसुद्धा नाही!

म्हणून मी व्हिडिओ लावला. व्हिडिओला विचारण्यात एक सोय असते, तो आपल्याकडे बघत नाही. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी घालून उकड काढली, ती छान गार होऊ दिली आणि पारी करायला बसलो. पहिली चुणी घालताच कडेला भेग. भेगा ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण इलाज सुचेना. शेवटी काँक्रीटचं क्युअरिंग करतात तसं वरून पाणी मारलं. चिखल झाला. तसेच अकरा वळून वाफवले आणि ते हसले.

हताश होऊन मखरातल्या मूर्तीकडे पाहिलं. आख्खं महाभारत मनात तयार असूनही व्यासांना लिहून घेणारा मिळेना, तेव्हा त्यांनी आधी ब्रह्मदेवाला विचारलं आणि मग ह्याच गणपतीला विनवलं होतं. व्यासांनी दोघांना विचारलं. मला एकच दार गाठायचं होतं, तेही समोरचं.

बेल वाजवली, तरी ऐट जाईना. ‘‘काकू, सहज विचारतो हं. माझ्या एका मित्राच्या मोदकांना भेगा जातायत...’’

काकूंनी माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत पिठी.

‘‘मित्र आत आहे का?’’

मी मान खाली घातली. ‘‘काकू, मला येत नाहीत. शिकवाल का?’’

काकूंनी पदर खोचला. ‘‘सकाळपासून तुझी आदळआपट ऐकत्येय. पण बोलावल्याशिवाय कशी येऊ रे?’’

म्हणजे मी विचारायला लाजत होतो आणि त्या सांगायला! मध्ये फक्त दोन दारं आणि माझी पदवी.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी चिमूटभर पिठी बोटांत चोळली. ‘‘तांदूळ जुना दिसतोय. जुना पाणी जास्त पितो, नव्याला कमी लागतं.’’ मग थेट गुहागरला बहिणीला फोन. ‘‘ताई, जुना आंबेमोहोर आहे. वाटीला किती घालू?’’

‘‘काकू, तुम्ही विचारता?’’

‘‘दर वर्षी. मी तीच असले तरी तांदूळ तोच असतो का?’’

मग पाण्यात मीठ, चमचाभर तूप, उकळी, पिठी, झाकण, वाफ. परात पुढ्यात आली. ‘‘तेलापाण्याचा हात लाव आणि मळ.’’

‘‘चटके बसतायत.’’

‘‘बसू देत. गार उकडीला भेगा जातात.’’

चटके खाता खाता मला नोकरीच्या पहिल्या वर्षीचा एक म्हातारा गवंडी आठवला. ‘‘साहेब, पावसाची वाळू ओली आहे, पाणी कमी घाला,’’ असं तो म्हणाला होता. मी विचारलं नव्हतं, त्यानं आपणहून सांगितलं. पुढे तीस वर्षं नव्या पोरांना मी ते माझंच ज्ञान म्हणून ऐकवत आलो. त्या गवंड्याचं नावही मी कधी विचारलं नव्हतं.

नैवेद्याला एकवीस मोदक झाले. वीस काकूंच्या हातचे, एक माझा. तो जरा कलला होता, पण हसला नव्हता. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या मात्र सगळ्या मीच केल्या.

दुपारी बायकोचा फोन. ‘‘काय हो, विचारलंत का काकूंना?’’

‘‘छे,’’ मी म्हणालो, ‘‘माझ्या मित्रानं विचारलं.’’