नीट ठेवलंय!

घरातून निघताना माणसं देवाला हात जोडतात, घरच्यांना ‘येतो’ म्हणतात आणि चालू लागतात. चाचपेकाका उंबऱ्यात उभं राहून आधी स्वतःची झडती घेतात. उजवा हात छातीवर जातो, तिथे चष्मा. मग मागच्या खिशावर, तिथे पाकीट. मग दोन्ही हात एकदम मांड्यांवर. एकीकडे किल्ल्या, दुसरीकडे मोबाइल. संध्येतला अंगन्यास करणाऱ्याने हृदय, मस्तक, शिखा असे क्रमाने स्पर्श करावेत तितक्या भक्तिभावाने हा विधी चालतो. फरक एवढाच, की शिखा हाताला लागली नाही म्हणून अंगन्यास कुणी पहिल्यापासून सुरू करत नाही. काकांना करावा लागतो. कारण चारांतलं एक काहीतरी रोज नसतंच.

काकांचं खरं आडनाव वेगळं आहे. सोसायटीच्या खालच्या फलकावर ते रंगवलेलंही आहे. पण पोस्टमन आणि गॅसवाला सोडले तर ते कुणी वापरत नाही. आणि आमच्या सोसायटीला या बाबतीत मिरवण्याचं काही कारण नाही. चाचपे प्रत्येक इमारतीत असतात. लिफ्ट तळमजल्याला पोचल्यावर बाहेर न पडता तिच्यातूनच परत वर जाणारा गृहस्थ दिसला, तर तो तुमच्याकडचा चाचपे समजा.

काका पाटबंधारे खात्यात होते आणि अभिलेख कक्ष सांभाळत. इतक्या वर्षांत त्यांच्या ताब्यातला एक कागद गहाळ झाला नाही, असं निरोपसमारंभात साहेबांनी आवर्जून सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंना ठसका लागला. घरी आल्यावर त्यांनी उलगडा केला. ‘फाइल खिशात मावत नाही ना, म्हणून वाचली.’

काका वेंधळे आहेत असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वेंधळा माणूस वस्तू कुठेही टाकतो, आणि कुठेही टाकलेली वस्तू सहसा डोळ्यांसमोरच असते. काका वस्तू नीट ठेवतात. सगळा घात तिथे आहे. रेल्वेचा पास त्यांनी नीट ठेवला, तो पंचांगात वद्य पक्षाच्या पानात गेला आणि शुद्ध पक्ष संपेपर्यंत वर आला नाही. कपाटाची जादाची किल्ली हरवू नये म्हणून त्यांनी ती कपाटातच नीट ठेवली. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ते लोण काकांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला, पण पाकीट फोडल्यावर अर्ध्या तासात त्यांचं कार्ड नीट ठेवलं गेलं, आणि तेव्हापासून काका झेरॉक्सच्या झेरॉक्सवर दिवस काढताहेत. दर प्रतीत त्यांचा चेहरा थोडा अधिक काळा होतो. परवा बँकेतल्या मुलीने तो फोटो निरखून विचारलं, ‘काका, वडील का तुमचे?’

वस्तू हरवली की काकांचा पहिला उद्गार ‘इथेच तर होती’ हा असतो. दुसरा, ‘कुणी आवरलं इथे?’ आवरणारी व्यक्ती हीच त्यांच्या लेखी कायमची संशयित. काकूंची उलटतपासणी रोज होते. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला असतो, पण दिवाळीला आला होता तेव्हा त्याने नेलकटर हलवलं असावं, या मुद्द्यावर त्याची फोनवरून चौकशी झालेली आहे. कामाला येणाऱ्या मावशींवर मात्र काका कधी संशय घेत नाहीत. न्यायबुद्धी वगैरे काही नाही, त्या रागावून यायच्या बंद झाल्या तर काय होईल याची त्यांना पूर्ण कल्पना आहे.

मग शोध सुरू होतो. काकांची पद्धत पाहणीची आहे. मोठे अधिकारी पूरग्रस्त भागात जातात तसे हात मागे बांधून ते घरभर फिरतात आणि प्रत्येक खोलीबद्दल ‘इथे नाही’ असा शेरा देतात. वर्तमानपत्र उचलून त्याखाली बघणं त्यांना सुचत नाही. काकू उशी उचलतात, उशीखालचं वर्तमानपत्र उचलतात, त्याखालचा चष्मा उचलतात आणि एक शब्द न बोलता पुढे करतात. त्या न बोलण्याचा काकांना फार त्रास होतो. ‘तिथे मी आत्ताच बघितलं होतं,’ एवढंच ते म्हणतात. यात खोटं काही नाही. बघितलं होतंच.

काकांच्या मते दोष त्यांचा नाही, शिंप्याचा आहे. त्यांचे आजोबा धोतर नेसत. पैसे कनवटीला आणि पानसुपारी चंचीत, संपलं. आजीच्या किल्ल्यांचा जुडगा कडोसरीला असे. ती चालली की तो वाजे आणि आजी आणि किल्ल्या दोन्ही कुठे आहेत ते घरभर कळे. वडिलांच्या बंडीला एक चोरखिसा आला. काकांच्या वाट्याला सदऱ्याचा एक, पँटचे चार आणि जाकिटाचे आतबाहेर मिळून आणखी चार खिसे आले. ‘वस्तू चार आणि खिसे नऊ,’ काका म्हणतात, ‘यात माणूस काय करणार?’ त्यावर उपाय म्हणून मुलाने त्यांना गुडघ्यांवर खिसे असलेली कार्गो पँट पाठवली. ती घालून काका बसमध्ये चढले. तिकिटाचे पैसे नेमके गुडघ्यात होते. ते काढायला काका वाकले, आणि गर्दीत उभा असलेला तरुण कंडक्टर संकोचून दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं, हे आपल्या पाया पडताहेत.

दैवी उपायही झाले आहेत. हरवलेली वस्तू मिळावी म्हणून कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. काकांच्या आईंनी तो त्यांच्याकडून मुंज व्हायच्या आधीच घोकून घेतला होता. म्हणजे त्यांना अंदाज आला असणार. पण हा राजा हजार हातांचा. एवढ्या हातांना खिसे किती लागत असतील आणि राजवाड्यातून निघताना ते चाचपून होईतो स्वारीचा मुहूर्त टळत असेल का, या विचारात काका गुंततात आणि जप राहून जातो. काकू पदराला गाठ मारत. वस्तू सापडली की गाठ सोडायची. आता त्या पंजाबी ड्रेस घालतात, तरी प्रथा मोडलेली नाही. त्यांच्या ओढणीच्या टोकांकडे पाहून काकांच्या खिशांची सद्यःस्थिती कळते. कचेरीतले एक सहकारी गोव्यातल्या शिवोलीचे होते. त्यांच्या गावचं चर्च सांत आंतोनचं, म्हणजे हरवलेल्या वस्तू मिळवून देणाऱ्या संताचंच. दरवर्षी १३ जूनला त्याचं फेस्त असतं. त्यांच्या सांगण्यावरून काकांनी संताला एक मेणबत्ती कबूल केली. घड्याळ त्याच संध्याकाळी सापडलं. काकांनी बाजारातून उत्तम मेणबत्ती आणली आणि नीट ठेवली.

शास्त्राने तरी वेगळं काय केलं? मोबाइल हरवला, तर संचार साथी पोर्टलवर जाऊन तो बंद करून टाकता येतो, ही सोय काकांना फार आवडली. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो कसा मिळवायचा, तर फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायचं. कुठल्या फोनवर? जो हरवलाय त्याच. ‘फोनच्या खोक्यावरही असतो तो,’ मुलाने बंगळूरहून सांगितलं. खोकं अर्थातच नीट ठेवलेलं होतं. शेवटी मुलाने किल्ल्यांना अडकवायचा एक टॅग पाठवला. किल्ल्या घरात कुठेही असोत, फोनवरचं बटण दाबलं की टॅग वाजतो. पंधरा दिवस घरात शांतता नांदली. मग एके सकाळी टॅग वाजला, आवाजाच्या मागावर सगळे कपाटापाशी गेले, आणि आतून एकटा टॅग निघाला. महागाची वस्तू, किल्ल्यांबरोबर हरवायची म्हणून काकांनी ती सोडवून आत ठेवली होती.

काका रागावतात, चिडतात, पण खचत नाहीत. त्याचं कारण मला बरेच दिवस उमगत नव्हतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्यावर सगळा देश आपापले खिसे उलटे करत होता. काकांनीही घरातले सगळे कपडे झटकले आणि जुनी नोट शिल्लक नसल्याचं छातीठोकपणे जाहीर केलं. बँकांनी नोटा घेतल्या त्या ३० डिसेंबरपर्यंत. जानेवारीत भाच्याच्या लग्नासाठी कोट बाहेर निघाला आणि त्याच्या आतल्या खिशातून पाचशेच्या चार नोटा हाती आल्या. काका आनंदाने ओरडले. काकूंनी हळुवारपणे समजावून सांगितलं, की या आता चालत नाहीत. काकांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

‘चालत नसतील,’ ते म्हणाले. ‘सापडल्या की नाही?’

तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी एकदा काकूंना त्यांचे हक्क समजावून सांगितले. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. त्यातल्या १६८ व्या कलमानुसार हरवलेली वस्तू शोधणाऱ्याला आपल्या श्रमाखर्चाची भरपाई मिळेपर्यंत ती स्वतःकडे ठेवून घेता येते. पुढचं कलम तर आणखी उदार. मालक कायदेशीर खर्च द्यायला नकार देऊ लागला आणि तो खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांशांवर गेला, तर शोधणारा ती विकूसुद्धा शकतो. काकूंनी हिशेब मांडला. त्यांच्या मते चष्म्याची मालकी केव्हाच बदललेली होती. काका हटले नाहीत. त्यांनी निखात निधीचा १८७८ चा कायदा पुढे केला: दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि सोफ्याच्या फटीत काकूंना परवा सत्तावीस रुपये मिळाले होते. यावर वकीलबाईंना निवाडा द्यावा लागला. ठेवा जमिनीत किंवा जमिनीशी जखडलेल्या वस्तूत दडलेला असायला हवा. सोफा सरकतो. सत्तावीस रुपये काकूंकडे राहिले.

आता जे सांगतो त्यावर सोसायटीबाहेरचे लोक विश्वास ठेवत नाहीत. आमच्याकडे कुणाचंही काही हरवलं, की बोलावणं चाचपेकाकांना जातं. आणि काका जातात तिथे वस्तू निघते.

कारण चौकशीला येणारा प्रत्येक जण ‘शेवटची कुठे ठेवली होती?’ असं विचारतो. हा प्रश्न निरुपयोगी आहे; ते आठवत असतं तर ती हरवली कशाला असती? काका तो विचारत नाहीत. ते खुर्चीत बसतात, पाणी मागतात आणि म्हणतात, ‘तेव्हा दुसरं काय होतं हातात?’ त्यांचा सिद्धान्त असा, की वस्तू एकटी कधी हरवत नाही. हातात दुसरी वस्तू येते तेव्हा पहिली हात सोडते, आणि ठेवणाऱ्याचं लक्ष त्या क्षणी दुसरीकडे असतं. म्हणून पहिलीचा माग दुसरीवरून काढायचा. पाटलांच्या सुनेची स्कूटरची किल्ली दोन दिवस मिळत नव्हती. काकांनी प्रश्न टाकला. ती विचार करून म्हणाली, ‘दुधाच्या पिशव्या होत्या.’ काका उठले, फ्रीज उघडला आणि दह्याच्या भांड्याशेजारून थंडगार किल्ली काढून दिली. जोशीसरांचं पाकीट औषधाच्या पिशवीत होतं. एका नातवाचं ओळखपत्र क्रिकेटच्या पॅडमध्ये. हे ज्ञान काकांना पुस्तकातून मिळालेलं नाही. जिथे म्हणून वस्तू जाऊ शकते, तिथे त्यांची एक तरी जाऊन आलेली आहे.

काकूंना या कीर्तीचा आनंद होत नाही असं नाही, पण त्यात थोडं मीठ पडलेलं असतं. ‘जगाच्या घरी पाच मिनिटांत सापडतं,’ त्या म्हणतात, ‘आणि आपल्या घरी गणपती आले तरी निरांजनाशेजारची काडेपेटी मिळत नाही.’ काकांचं म्हणणं, दुसऱ्याच्या घरी आपण तपास अधिकारी असतो. स्वतःच्या घरी तोच अधिकारी आरोपीही असतो, आणि असा तपास कुठे लागलेला आहे?

परवा काकूंनी हेही करून पाहिलं. मी विजेचं बिल मागायला गेलो होतो. काका चष्म्यावाचून घरभर पाहणी करत फिरत होते. काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं, हातात पाणी दिलं आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, ‘अहो, चष्मा काढलात तेव्हा दुसरं काय होतं हातात?’

काकांनी डोळे मिटले. त्यांना सगळं लख्ख आठवलं. ‘चहाचा कप!’

‘मग कप कुठे आहे?’

काका उठले, स्वयंपाकघरात डोकावून आले, गॅलरीत गेले, टीव्हीच्या मागे वाकले. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठी केस हाती आल्याचं समाधान होतं.

‘अगं, प्रकरण दिसतं तेवढं सोपं नाही,’ ते म्हणाले. ‘कपही गेलाय.’