पांढरी पाच, जरा चढी

वयाच्या ५३व्या वर्षी माणसाने गुडघ्यांना लावायचं तेल आणावं. मी इलेक्ट्रिक गिटार आणली. बेळगावात टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडचा एक मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघाला होता, खोलीतलं सामान विकत होता, आणि मी खरं तर त्याचं कपाट बघायला गेलो होतो. कपाट जिन्यातून उतरेना. गिटार उतरली. सोबत एवढासा ॲम्प्लिफायर, एक वायर आणि "अंकल, थोडा हम येतो, बाकी काही नाही" हे वाक्य, घराला थोडी ओल आहे म्हणावं तितक्या सहज.

पिरनवाडीत घरी येऊन प्लग लावला, बटण दाबलं, तर तारेला बोट लागायच्या आधीच घरभर 'घूंऽऽऽ' सुरू झालं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "गिरणी घातलासा काय घरात?"

दुसऱ्या दिवशी शेजारचे भजनीकाका आले. वाटलं, भांडायला आले. पण आमचा मुलूख कानाचा. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे. काका दारात डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "पांढरी पाच की रे! जरा चढी." मी मोबाइलवर सूर मोजून पाहिला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, गुणगुण बहुतेक तिच्या दुपटीने म्हणजे १००ने येते, आणि पेटीवरच्या पांढरी पाचचा खालचा सूर ९८. म्हणजे काका बरोबर, आणि वरच्या दोनांपुरतं 'जरा चढी'सुद्धा बरोबर. मी अजून सहाव्या तारेवरच अडखळत होतो. तेव्हापासून काका संध्याकाळी खिडकीशी येऊन माझ्या घूंवर आपली पेटी ताडून बघू लागले. माझ्या वाजवण्याबद्दल त्यांनी कधीच काही विचारलं नाही.

मी मात्र चोर शोधायला निघालो. पहिला संशय उद्यमबागेवर. तिथल्या फौंड्र्या, लेथ, एवढाल्या मोटारी, त्यांचंच काही तरी वायरींतून माझ्या गिटारीत उतरत असणार, असं ठरवून मी कारखाने बंद असतील अशा सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला उठून प्लग लावला. घूंऽऽऽ. उद्यमबाग निर्दोष सुटली, आणि मला त्या दिवशी चहा मिळाला नाही. मग ट्यूबलाइट घालवली, कारण तिचा चोक. पंखा घालवला, कारण त्याचा रेग्युलेटर. चार्जर उपटला, टीव्ही उपटला, फ्रीज उपटला, आणि अंधारात घामाघूम होऊन कान लावून बसलो. घूं किंचित बारीक झालं. फ्रीज परत लावायचं राहून गेलं. दोन लिटर दूध.

मुळात खोट गिटारीच्या जातीत. तारांखाली लोहचुंबकांभोवती केसासारखी तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात वीज उमटते. पण वेटोळं भोळं. गिटारीची तार कुठली आणि भिंतीतली वायर कुठली, त्याला कळत नाही. कानावर पडेल ते सगळं घेऊन येतं. लिओ फेंडरने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये असली तीन वेटोळी होती, आणि माझी गिटार तिचीच स्वस्तातली नक्कल. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही. एवढ्यापुरते आम्ही एका पंक्तीचे. पुढच्याच वर्षी गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन वेटोळी उलटसुलट जोडून यावर तोड काढली: दोन जावांसारखी, एकीने 'हूं' म्हटलं की दुसरी 'उंहूं' म्हणणार, वजाबाकी शून्य, पण एकीचं चुंबकही उलटं बसवल्यामुळे तारेचा सूर मात्र दोघी मिळून म्हणणार. माझ्याकडे तीन जावा, आणि तिघी एकाच बाजूच्या.

गिटारीच्या पोटात धातूचं अस्तर लावलं की गुणगुण दबते, असं कळलं. तांब्याची पट्टी आणायला खडेबाजार गाठावा लागला असता. मी फळीवरचा चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद घेतला, स्क्रू काढले (नऊ काढले, नंतर सात सापडले), दोन तास खपून आतून सगळीकडे कागद डकवला आणि बटण दाबलं. घूं गायब! मी टाळी वाजवली, हिला हाक मारली, मांडी ठोकली आणि तार छेडली. तीही गायब. कागदाची कड जॅकच्या नको त्या पात्याला टेकली होती.

एक सांगायचं राहिलं. तारांवर हात ठेवला की घूं जरा बसायचं आणि बोटांत बारीक मुंग्या यायच्या. मी हिला म्हटलंही, कलेचा संचार म्हणतात तो हाच असावा.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने गिटारीकडे बघितलंसुद्धा नाही. दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला, बोर्डाच्या फेज-न्यूट्रलमध्ये धरला, पेटला; फेज आणि वरच्या जाड भोकात धरला, ढिम्म.

"अर्थिंगच नाही की हो मामा इथं."

"अहो, पण तीन भोकं आहेत!"

"भोकं आहेत."

मुंग्यांचं सांगितलं तेव्हा तो स्टुलावरून खाली उतरला. "शॉक की ओ तो! अनवाणी उभं राहून दुसऱ्या हातात माईक धरला असतासा तर..." वाक्य अर्धवट सोडून त्याने भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोशेजारी जागा होती.

बोर्ड उघडला. आत हिरवी वायर, बुडापासून स्वच्छ तोडलेली. "कुठल्या गाढवानं तोडली ही?" तो म्हणाला. ही दारात पदराला हात पुसत उभी होती. चार वर्षांपूर्वी टीव्हीची फळी बसवताना बोर्डाचं झाकण लागेना, तेव्हा 'ही तिसरी काही कामाची दिसत नाही' असं म्हणत पक्कड कुणी चालवली होती, ते तिला आठवत होतं. वारासकट.

वायर जोडली. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर मी ठेवलेली झेंडूची कुंडी हलवून त्यात दोन बादल्या पाणी ओतलं. घूं बरंचसं गेलं. उरलेलं जातीचं, त्यासाठी न्हाणीघराच्या दाराकडे तोंड करून जरा तिरकं बसलं की जवळजवळ काही ऐकू येत नाही. पाहुण्यांना फक्त माझी पाठ दिसते. त्यांची तक्रार नाही.

तक्रार एकट्या भजनीकाकांची. संध्याकाळी येऊन खिडकीशी कान लावून बराच वेळ उभे राहिले. "सूर कुठं गेला रे?" मी वायर, खड्डा, मुंग्या, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "एकादशीपुरती सोडवता येईल काय बघ की ती वायर."