सुतळीची बोट

तर झालं काय, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अळूची पानं काढायला मी परसात गेले, तर शेजारचे अण्णा अंगणात खुंट्या ठोकत होते. एका हातात हातोडी, खांद्यावर सुतळीचं बंडल. मला वाटलं, मांडवाची आखणी चाललीय. धाकट्याचं कुठे जमलं आणि आम्हाला पत्ता नाही! आमचं कुंपण कारवीचं. दर पावसाळ्यानंतर नवं घालायचं असं दोन्ही घरांत ठरतं आणि दोन्ही घरं दुसऱ्याची वाट बघत बसतात, त्यामुळे मधोमध एक चांगलं कमरेएवढं खिंडार पडलंय. आमच्या गप्पांची जागा तीच.

"काय वहिनी, परस्पर मांडव?" मी विचारलं.

वहिनींनी पदराला हात पुसले, मागे वळून एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मांडव कसला? बोट आहे ती."

वीस फूट लांब, सात फूट रुंद, पुढे निमुळती होत गेलेली. तिच्या आत, पुढच्या अंगाला, पाच बाय सहाची आणखी एक चौकट. त्या चौकटीत प्लॅस्टिकची खुर्ची. अण्णा मध्येच खुर्चीत जाऊन बसायचे, समोर तुळशी वृंदावनाकडे बघत हात स्टिअरिंगसारखे फिरवायचे, मग उठून एक खुंटी चार बोटं सरकवायचे.

या सगळ्याचं मूळ नॉर्वेत. अण्णांचा भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याने बंदरातल्या बोटींचे फोटो पाठवले. लहानशा, गुटगुटीत, मासेमारीच्या बोटी, आणि प्रत्येकीवर काचा लावलेली बंद खोली. आत एकच माणूस स्वेटर घालून, कॉफी पीत सुकाणू धरून बसलेला. तिकडे असल्या बोटीला 'श्यार्क' म्हणतात म्हणे. अण्णांनी जेवताना जाहीर केलं, "मी श्यार्क घेणार." वहिनी म्हणाल्या, "माझ्या बापाने जन्मभर मुशी धरली, तीही वाट्यावर विकली. तुम्ही अख्खा शार्क घेऊन काय करणार?" दोन दिवस हा घोळ चालला होता.

आता वहिनींपुढे बोटीची गोष्ट काढणं म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणं. त्यांचं माहेर रेवदंड्याजवळ, थेरोंड्याच्या कोळीवाड्यात. अण्णा तरुणपणी रोह्याच्या कारखान्यात होते, तेव्हा जमलेलं लग्न. दोन्हीकडून किती आदळआपट झाली ते तुम्हाला पुन्हा कधीतरी सांगेन, वहिनी घरात नसताना. पुढे अण्णा पिरंगुटला बदलून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीचे पैसे आले, पोरांची शिक्षणं झाली, गुडघे गेले, आणि आता बोट.

किंमत विचारली तर वहिनींनी तोंडाने सांगितली नाही, बोटं दाखवली. मी शहारले. त्या म्हणाल्या, "यात इंजिन धरलेलं नाही."

मी म्हटलं, "पण वहिनी, मुळशीचं धरण टाटांचं. परवानगीशिवाय आपण त्यात कागदाची होडीसुद्धा सोडू शकत नाही."

"तेच तर!" त्या म्हणाल्या. "शिवाय २०२१ चा कायदा आहे, नदी-तलावात इंजिनाची बोट चालवायची तर नोंदणी पाहिजे. भावाने फोनवर सगळं सांगितलं. ह्यांचं म्हणणं, कागद मी करतो, आधी केबिन ठरू दे."

तुम्ही आमचं धरण बघितलं असेल तर तिथे मासे कसे धरतात हेही बघितलं असेल. कातकऱ्यांची पोरं हवा भरलेल्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळं लावून येतात. रोहू, कटला, चिलापी, मिळालीच तर मरळ. पाय पाण्यात, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिक. तराफ्याला ना नाळ ना सुकाणू. त्यांच्या मधून अण्णा काचेच्या खोलीतून जाणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू आवरेना. वहिनींनाही. पण हसता हसता त्या एकदम गप्प झाल्या.

"त्यांना मासे नकोत," म्हणाल्या. "आजोबांचं वावर पाहिजे."

हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. धरणाखाली बावन्न गावं गेली असं आमच्याकडे सगळेच सांगतात. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस, तेव्हा धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं पुस्तकात आहेत. अण्णांचे आजोबा पुस्तकात नाहीत. त्यांचं घर, भाताची खाचरं, एक फणस, सगळं खाली. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की अण्णा काठावर जाऊन उभे राहतात आणि बोटाने दाखवतात, तिथे, त्या टेकाडाच्या डावीकडे. आम्हाला सगळ्यांना तिथे फक्त पाणीच दिसतं. तर त्यांना एकदा बरोबर त्या जागेवर जाऊन, इंजिन बंद करून, बसायचं आहे. उन्हात बसवत नाही, पावसात भिजायचं नाही, गुडघे दुमडून तराफ्यावर बसणं तर अशक्य. म्हणून केबिन. मला सांगा, यावर काय बोलणार?

जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनींचा भाऊ आला. एक जून ते एकतीस जुलै समुद्रातली मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या, म्हणजे कोळ्याला बहिणीकडे यायला हाच काय तो काळ. ताम्हिणी चढून आला, सोबत सुकटीची आणि बोंबलांची पिशवी. बोंबलांतला माझा वाटा खिंडारातून लगेच इकडे आला, हे मुद्दाम नोंदवते, कारण या शेजारात सगळंच काही वाईट नाही.

योग असा की त्यालाही बोट घ्यायची होती. आहे ती जुनी लाकडी, दोन सिलिंडरची. लाकूड महागलं, चांगला सुतार मिळत नाही, म्हणून आता फायबरची, केबिनवाली. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अर्ज टाकलाय, आणि तो वहिनींच्या भावजयीच्या नावावर! सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला चाळीस टक्के अनुदान, बाईला साठ. "तीस वर्षं मी त्या होडीवर पाय ठेवला तर नजर लागते म्हणायचे," भावजयीने फोनवर वहिनींना सांगितलं, "आता मालकीण मीच."

तर हा भाऊ चहाचा कप घेऊन अंगणात आला आणि सुतळीच्या बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. आम्ही दोघी कुंपणाशी. मी अळू निवडत होते, म्हणजे निवडून झालेलंच पुन्हा निवडत होते.

"भावजी, खोली पुढे का?"

"फोटोत पुढे आहे," अण्णा म्हणाले.

"ते थंडीतले लोक. लाट पुढून अंगावर येते ती काचेवर घ्यायची, आणि मागे मोकळ्यावर काम करायचं. आमच्याकडे केबिन मागे. तांडेल मागून सगळी होडी बघतो, जाळं बघतो, खलाशी बघतो. पुढे बसलात तर मागे माणूस पडला तरी कळायचं नाही."

मग त्याने जे सुरू केलं ते ऐकायला माझा नवरासुद्धा पेपर टाकून आला. तो म्हणाला, केबिन म्हणजे वजन, आणि तेही उंचावर. रुंद, जड होडीला ते पेलतं. वीस फुटी हलक्या फायबरला उभं राहता येईल एवढी उंच खोली लावली की ती डोक्याने जड होते. घेण्याआधी पाण्यात उभी असताना काठावर पाय देऊन दाबायची आणि सोडायची. चटकन सरळ झाली तर बरी. सावकाश, आळसावून, विचार करत करत परत येते ती होडी घेऊ नये. ती एक दिवस परत यायचा विचारच करणार नाही.

आणि वारा. बंद खोलीच्या भिंती म्हणजे न गुंडाळता येणारं शीड. होडी थांबवून गळ टाकून बसलात की वारा खोलीला धरून होडी फिरवणार. अण्णा म्हणाले, धरणात कसला वारा? तेव्हा भावाने उजनीचं नाव घेतलं. २१ मे २०२४. कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली, सहा माणसं गेली. तेही धरणच होतं, समुद्र नव्हता. अण्णा खुर्चीतून उठले. मला वाटतं त्यांनी ते आधी स्वतःशीच कबूल केलेलं होतं, कुणीतरी मोठ्याने बोलायची वाट बघत होते.

दाराबद्दल त्याने सगळ्यात जास्त सांगितलं. दार बाहेर उघडणारं असेल आणि होडी कलंडून पाणी दाराला टेकलं तर ते आतून ढकलता येत नाही. म्हणून सरकतं दार, आणि माणूस निघेल एवढी एक खिडकी वेगळी. जाकीट अंगात असताना निघेल एवढी, नुसता माणूस नव्हे. वहिनींनी अण्णांच्या पोटाकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. खिडकीच्या मापाची सुतळी मात्र त्यांनी स्वतः वाढवली.

इंजिन खोलीखाली असलं की तापणं आणि धूर. नॉर्वेवाल्याला ती ऊब, आपल्याला भट्टी. सगळ्या काचा बंद करून एसीवाल्या गाडीसारखं बसलात तर धुराने गुंगी येते आणि कळत नाही. समोरची काच वरून पुढे झुकलेली असावी, मोठ्या बोटींना असते तशी. आतला उजेड तिच्यात चमकत नाही आणि पाणी ओघळून खाली सुटतं.

"मग तू कशाला घेतोस रे केबिन?" वहिनींनी खोचकपणे विचारलं. "पाऊस तर तुम्ही सगळे किनाऱ्यावर काढता."

हा प्रश्न मला आवडला. ज्या दोन महिन्यांत छपराची खरी गरज, त्याच दोन महिन्यांत होडी बाहेर काढता येत नाही! भाऊ हसला. म्हणाला, माझ्या केबिनमध्ये मी असतोच कुठे? तिथे वायरलेस असतो, जीपीएस, सरकारने दिलेला ट्रान्सपॉन्डर, मोबाइलचा चार्जर, देवाचा फोटो, आणि कागद. पोलिसांची गस्त आली की लायसन्स, नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं, सगळं कोरडं दाखवावं लागतं. रात्री पाळीने एकजण तिथे आडवा होतो. "खोली सामानासाठी आहे, ताई. माणसं बाहेरच."

मग त्याने चहाचा कप वृंदावनाच्या कठड्यावर ठेवला आणि विचारलं, "भावजी, जाळं कुठून ओढणार?"

अण्णा म्हणाले, जाळं नाही.

"गळ?"

"एखादा."

"मासे किती पाहिजेत?"

अण्णा बराच वेळ पाण्याच्या दिशेला बघत राहिले. आमच्या अंगणातून धरण दिसत नाही, मधे आंबा आहे. मग त्यांनी ते वावराचं सांगितलं. फणसाचंही. मेहुण्याला पहिल्यांदाच सांगत असावेत, कारण वहिनी अळूच्या देठांकडे बघायला लागल्या, आणि अळू माझं होतं.

भाऊ म्हणाला, "आणि ते पाणी भिऱ्याला उतरतं ना?"

उतरतं. इथून बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात, १९२७ पासून. तिथून कुंडलिकेत, आणि कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. एरवी मुळेचं पाणी पुणं, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. अण्णांचा हा जुना विनोद आहे, की आमच्या पाण्याला टाटांनी सासर बदलून दिलं. पण त्या दिवशी भावानेच तो उलटा करून त्यांना ऐकवला. "म्हणजे तुमच्या आजोबांच्या वावरावरचं पाणी माझ्या होडीखालून जातं. मी आजवर फुकट वापरलं."

यानंतर गंमत झाली. इतका वेळ केबिनला नावं ठेवणारा तो माणूस खाली बसला आणि भराभर खुंट्या उपटायला लागला. म्हणाला, मासे नकोतच तर सगळा हिशोब वेगळा. डेक कशाला मोकळा पाहिजे? खोली मागे घ्या. उंची कमी करा, उभं राहायचं नाही, बसायचंच आहे. भिंती अर्ध्याच, वर छप्पर, बाजूंना गुंडाळता येणारी ताडपत्री. वारा आला की सोडून द्यायची, आरपार जाऊ दे. वजन तळाशी. रुंदी आठ करा. लांबी थोडी वाढवा, नाहीतर मागे बसून नाळ वर येईल. उन्हाळ्यात पाणी हटतं तेव्हा चिखलातून ओढायला चार माणसं पुरली पाहिजेत, त्यापेक्षा जड नको. आणि खाली पंखा अडकेल असं काय काय आहे ते बघा, जुनी जोती आहेत, फणसाचा बुंधा आहे.

"फणस तोडला होता," अण्णा म्हणाले. "बुंधा असेल."

दोघांनी मिळून नवी आखणी केली. अण्णा सुतळी धरायला, मेहुणा ठोकायला. परवानगीचा अर्ज कुणाकडे, कुठल्या नमुन्यात, हा विषय संध्याकाळवर गेला. वहिनी म्हणाल्या की परवानगी मिळेपर्यंत ह्यांचे गुडघे बदलून होतील. पण त्या चहा टाकायला गेल्या तेव्हा खुर्चीवर उशी ठेवून गेल्या, हे मी बघितलं.

मी जरा आत गेले होते. परत आले तर माझा नवरा कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून उभा. बोट चोवीस फूट झाली होती. नाळ वृंदावनाला भिडलेली, पुढे सरकायला जागा नाही, म्हणून वाढलेली चार फुटं मागे आलेली, आणि खिंडारातून थेट आमच्या परसात. दोन खुंट्या आमच्या बाजूला, सुकाणू अळवात.

"अण्णा," माझा नवरा म्हणाला, "हद्द सोडून आलात."

अण्णा नव्या केबिनमध्ये, म्हणजे अगदी खिंडारात, खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "नांगर टाकलाय," म्हणाले. "चहा इकडेच आणा."