विसरभोळ्यांचे उपकार

नोव्हेंबर २०१४. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये पुरातत्त्वाचं काम करणारी मंडळी डोंगरात फिरत होती. तिथे एका ज्युनिपरच्या झाडाला टेकून एक बंदूक उभी होती. लाकूड ऊन, वारा आणि बर्फ खाऊन करडं पडलेलं, चिरलेलं. नळी गंजलेली. दस्ता मातीत रुतलेला. ध्यान असं की, झाड कुठे संपतं नि बंदूक कुठे सुरू होते ते कळू नये.

बंदूक निघाली विंचेस्टर कंपनीची, १८७३चं मॉडेल, १८८२ साली घडवलेली. अमेरिकेचा पश्चिम भाग जिंकणारी बंदूक म्हणून हिचा केवढा बोलबाला! १९५०च्या ‘विंचेस्टर ’७३’ या सिनेमात जेम्स स्टुअर्ट अशाच एका चोरीला गेलेल्या बंदुकीमागे धावधाव धावतो. त्या बंदुकीचे मालक बदलत राहतात. आमच्या या बंदुकीने पिढ्यान्‌पिढ्या साधं झाडसुद्धा बदललं नाही.

मालक कोण, याचे तर्क लगेच सुरू झाले. दरोडेखोर असेल, चकमक झाली असेल, अस्वल आलं असेल. माझा यातल्या एकावरही विश्वास नाही. मालकाने बंदूक टेकवली, ‘आलोच’ म्हणून चार पावलं गेला आणि परतल्यावर त्याला झाडच सापडेना, इतकी साधी गोष्ट आहे. ‘त्या अमक्या झाडापाशी’ ही खूण जंगलात किती उपयोगाची, ते सांगायला नको. कंपनीच्या जुन्या नोंदवह्या तपासल्या, तर त्यात बंदुकीचं जन्मसाल मिळालं, सासरचा पत्ता मात्र नाही.

आता गंमत बघा. या मॉडेलच्या सात लाख वीस हजारांहून जास्त बंदुका बनल्या. सुरुवातीला पन्नास डॉलरला मिळणारी ही बंदूक १८८२पर्यंत पंचवीसवर आली होती, म्हणजे कुणालाही परवडावी अशी. त्यांतल्या कितीतरी बंदुका शिस्तशीर माणसांनी रोज पुसल्या, तेल दिलं, खुंटीला टांगल्या. त्यांचं आज कोण नाव घेतं? नाव झालं ते या विसरलेल्या बंदुकीचं. तिला वायोमिंगमधल्या कोडी गावच्या ‘बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट’ या संग्रहालयात नेलं. तिथल्या तज्ज्ञांनी तिला नवी करण्याचा मोह टाळला. लाकडाचे ढलपे पडू नयेत, गंज सुटू नये, एवढीच काळजी घेतली. गावातल्या इस्पितळात तिचा चक्क एक्स-रे काढला. एकशे तीस वर्षं ओलांडलेला पेशंट आणि ‘श्वास रोखून धरा’ असं सांगायचीही गरज नाही! बंदुकीत गोळी भरलेली नव्हती. पण दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस निघालं, डाळीच्या डब्यात दडवलेल्या नोटेसारखं. ते १८८७ ते १९११ या काळातलं होतं. म्हणजे बंदूक झाडापाशी आली ती १८८७ किंवा त्यानंतरच.

थोडक्यात, संग्रहालयं भरतात ती विसरभोळ्यांच्या जिवावर. सगळ्यांनीच सगळं जागच्या जागी ठेवलं असतं, तर उत्खननवाल्यांना नुसतीच माती उपसावी लागली असती. वस्तू हरवणं हे भावी पिढ्यांसाठी केलेलं दानच आहे.

हा सिद्धांत मी जेवताना घरी मांडला. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बंदूक विसरला तो तुझा महापुरुष. पण ते काडतूस शंभर वर्षांनी ठेवल्या जागी सापडलं ना?”

“सापडलं.”

“मग ते त्याच्या बायकोने ठेवलं असणार. भात वाढू?”